गोबरगॅसचे इंजिन आणि त्याची ठिणगी

वाचकहो, आपल्याकडे चूल पेटवणे ही एक विद्याच आहे. गोवरीला नुसती आगपेटीची काडी लावून पाहा. काडी विझते, बोट पोळते आणि गोवरी जशीच्या तशी! म्हणून घरची बाई आधी दोनचार तुराट्या मोडून घालते, पऱ्हाटीचा चुरा खाली सारते, फुंकणीने बेताचा वारा देते. मग गोवरी धरते. आणि एकदा धरली की तासभर धग देत राहते. गोवरीत आग नव्हती असे नाही. तिला पेटवणारी काडी तेवढी अपुरी होती.

गोबरगॅसवर चालणाऱ्या इंजिनाचे मर्म या चुलीत आले आहे. ते कसे, हेच आज आपण पाहू.

मी पेशाने गणिताचा अध्यापक. यंत्रांचा जाणकार म्हणवून घेण्याचा माझा दावा नाही. पण एका शेजाऱ्यामुळे मला या विषयात डोके घालावे लागले. आमचे हुडकेश्वर आता नागपूर शहरात जमा झाले आहे. शेतांवर ले-आउट पडले, विहिरी बुजल्या. तरी एखादा गोठा, एखादी बागायत अजून टिकून आहे. अशाच एका गोठ्याच्या मालकाने गोबरगॅसचा प्लांट बांधला आणि पेट्रोलचे एक जुने इंजिन गॅसवर करून घेतले. विहिरीचे पाणी त्यावर ओढायचे, असा बेत. इंजिन सुरू व्हायचे, चारदोन ठोके द्यायचे, मिस मारायचे आणि बंद पडायचे. मी सहज चौकशी केली, तर ते वैतागून म्हणाले, "ग्यासमंदी दमच नाही जी, सर! भंगारात देतो आता हे इंजिन."

आणि जमा होणारा गॅस? तो ते रोज रात्री कॉक उघडून मोकळा सोडून देत. मला वाईट वाटले ते याचे. गोबरगॅसमधला मुख्य भाग मिथेनचा. न जळता हवेत गेलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डाय-ऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट पृथ्वीला तापवतो. म्हणजे घरचे इंधन वाया, वर हवेचे नुकसान.

गॅसमध्ये खरेच दम नसतो का? इतिहास उलटे सांगतो. पेट्रोलच्या मोटारी येण्याच्या कितीतरी आधी इंजिने चालली ती गॅसवरच. फ्रान्समध्ये लेन्वार याने १८६० साली दगडी कोळशाच्या गॅसवर इंजिन चालवले आणि त्यात विजेची ठिणगी वापरली. जर्मनीत ओटो याने १८७६ साली चार धावांचे इंजिन केले. आजच्या मोटारींचे मूळ तेच. तेही गॅसवरच चाले. मात्र ते पेटवायला बाहेर एक ज्योत जळत ठेवलेली असे आणि सरकत्या झडपेतून ती आग आत पोचवली जाई. पुढे रॉबर्ट बॉश याने १८८७ साली मॅग्नेटो तयार केला, तोही एका जागी बसवलेल्या गॅसच्या इंजिनासाठी. आज मोटारीत दिसणारी उच्च दाबाची ठिणगी आणि स्पार्क प्लग ही जोडी त्याच्या कारखान्यातून १९०२ साली आली. सांगायचा मुद्दा हा, की गॅसच्या इंजिनाच्या जन्मापासून कारागिरांना खरी झुंज द्यावी लागली ती पेटवण्याशी.

आपल्या महाराष्ट्रालाही हे नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस धरून दिवाबत्ती करण्याचा प्रयोग झाला, आणि पुढे त्या गॅसवर इंजिनही चालवले गेले. पुढच्या काळात खादी व ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅसची संयंत्रे खेडोपाडी नेली. सव्वाशे वर्षांपूर्वी जे मुंबईत साधले, ते आज हुडकेश्वरच्या गोठ्यात का साधू नये?

आता गॅसचा स्वभाव पाहू. गोबरगॅसमध्ये शंभरात साधारण पंचावन्न ते पासष्ट भाग मिथेन असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डाय-ऑक्साइडचा. हा जळत नाही, उलट आगीला थंड करतो. शिवाय पाण्याची वाफ असते आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड थोडासा असतो. मिथेन आपणहून पेट घ्यायला साडेपाचशे अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त उष्णता मागतो. डिझेल दोनशे-अडीचशे अंशांवरच पेटते. म्हणजे मिथेन हा हट्टी पाहुणा. आग्रह केल्याशिवाय पानावर बसत नाही! पण हाच हट्टीपणा एका परीने गुण आहे. सिलिंडरमध्ये तो भलत्या वेळी भडकत नाही, म्हणून त्याला जास्त दाबता येते आणि इंजिन ठोकत नाही.

पेटल्यावरही गोबरगॅसची ज्योत सावकाश पसरते, कारण मधे तो न जळणारा वायू आहे. ओल्या गोवरीसारखेच हे. म्हणून ठिणगीच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: ठिणगी जोरकस हवी, वेळेवर हवी, आणि ती ज्या मिश्रणात पडते ते मिश्रण योग्य हवे.

वेळेचे गणित शिक्षकांनी फळ्यावर जरूर करून दाखवावे. इंजिन मिनिटाला १५०० फेरे करते असे धरा. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. एका फेऱ्यात ३६० अंश. तेव्हा सेकंदाला ९००० अंश झाले. दट्ट्या वर पोचण्याच्या २० अंश आधी ठिणगी पडली, तर ज्योतीला पसरायला सेकंदाचा ४५०वा भाग मिळतो. गोबरगॅसची सावकाश ज्योत तेवढ्यात पुरी पसरत नाही. दट्ट्या खाली निघून जातो आणि आग त्याच्या मागे धावते. जोर दट्ट्यावर पडायच्या ऐवजी धुराड्यात जातो, सायलेन्सर लालभडक तापतो. तीच ठिणगी ३० अंश आधी टाकली, तर सेकंदाचा ३००वा भाग मिळतो. फरक दिसायला केवढासा! पण इंजिनाचा दम म्हणतात तो या फरकातच आहे. पेट्रोलसाठी लावलेले टायमिंग गॅसला म्हणूनच चालत नाही. ते काही अंश, पुष्कळदा दहाएक अंश, आणखी आधी घ्यावे लागते.

मात्र हे थोडेथोडे करावे. एक-दोन अंश सरकवावे, पंप जोडून इंजिन ओझ्याखाली चालवून पाहावे, मग पुढे जावे. हँडल मारून सुरू करायचे इंजिन फार आधी लावले तर सुरू होताना उलटा झटका मारते. मनगट मोडू शकते. अशा वेळी टायमिंग लगेच मागे घ्यावे.

ठिणगीच्या जोराची गोष्ट वेगळी. दाबलेल्या वायूतून ठिणगी उडवायला विजेचा दाब जास्त लागतो. सिलिंडरातला दाब जितका अधिक, तितकी ठिणगीला फट ओलांडणे जड. कॉईल जुनी असेल, वायर चिरलेली असेल, प्लगवर काजळी असेल, तर वीज सोपी वाट धरते आणि प्लगच्या टोकावर ठिणगी पडतच नाही. म्हणून गॅसच्या इंजिनात प्लगची फट सहसा पेट्रोलपेक्षा कमी ठेवतात. किती, ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावे आणि पात्यांच्या मापाने, म्हणजे फिलर गेजने, मोजावे, नजरेने नव्हे. फट फारच कमी केली तरी नुकसान होते. इवलीशी ज्योत जन्मताच थंड लोखंडाला टेकते आणि विझते.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. एक भाग मिथेन पुरा जळायला साधारण साडेनऊ भाग हवा लागते. गोबरगॅसमध्ये मिथेन साठ टक्के धरला, तर एक भाग गॅसला पावणेसहा भाग हवा पुरते. हवेत मिथेन शंभरात पाचाहून कमी किंवा पंधराहून जास्त झाला, तर कितीही चांगली ठिणगी टाका, मिश्रण पेटणारच नाही. म्हणून गॅसचा कॉक एकदम उघडू नये. हळूहळू उघडून इंजिनाचा आवाज ऐकावा. पक्क्या घुमटाच्या संयंत्रात गॅसचा दाब दिवसभर बदलतो, तेव्हा सकाळी जमवलेले मिश्रण दुपारी पुन्हा पाहावे लागते. तरंगत्या टाकीच्या संयंत्रात दाब बहुतेक सारखा राहतो.

इंजिन धरत नसेल तर मग काय करावे? आधी गॅसच्या नळीतले पाणी काढावे. नळीच्या सर्वांत खालच्या जागी एक कॉक बसवला की रोजचे साचलेले पाणी सहज निघते. वासाचा वायू अडवायला गंजलेल्या लोखंडी किसाने भरलेल्या डब्यातून गॅस जाऊ द्यावा. तो वायू किसात अडकतो, आणि प्लग व धातूचे भाग खराब होत नाहीत. कीस काळा पडला की तो बदलावा. मग प्लग काढून पुसावा, फट मोजावी, वायर नवी घालावी. त्यानंतर मिश्रण, आणि टायमिंग सर्वांत शेवटी. बरेच जण पहिल्यांदा टायमिंगलाच हात घालतात आणि घोळ वाढवतात.

एक सावधगिरी कधी विसरू नका. प्लग बाहेर काढून ठिणगी पाहायची असेल, तर आधी गॅसचा कॉक बंद करा, इंजिनाची खोली मोकळी करून वारा येऊ द्या, आणि वायरला उघडा हात लावू नका. गॅस साचलेल्या खोलीत ठिणगी पाहणे म्हणजे बारुदाच्या कोठारात विडी पेटवणे. आणि संयंत्राच्या टाकीत कोणत्याही कारणाने उतरू नका. आतला वायू क्षणात माणसाची शुद्ध घालवतो.

ज्यांच्याकडे डिझेलचे इंजिन आहे, त्यांना दुसरी वाट आहे. डिझेलच्या इंजिनात प्लग नसतो. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपणच पेटते. हट्टी मिथेन मात्र तेवढ्यानेही नीट धरत नाही. म्हणून हवेबरोबर गॅस आत घ्यायचा आणि वरून थोडेसे डिझेल सोडायचे. डिझेल ही इथे तुराटी, गॅस ही गोवरी! पुण्याच्या किर्लोस्कर कंपनीने अशी दुहेरी इंधनाची इंजिने बाजारात आणली होती. नीट जमले तर डिझेलची ऐंशी टक्क्यांपर्यंत बचत होते. पण लोभ धरून डिझेल पुरते बंद करू नये. तुराटीशिवाय गोवरी धरत नाही, आणि डिझेलच्या नोझलचे टोक थंड राहते तेही त्यातून वाहणाऱ्या डिझेलमुळेच.

मोठ्या कारखान्यांतल्या गॅस इंजिनांत अलीकडे याच तुराटीची सुधारून केलेली आवृत्ती दिसते. मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक इवलीशी कोठडी असते. तिच्यात जरा दाट मिश्रण आधी पेटवतात. तिथून आगीच्या पिचकाऱ्या मोठ्या सिलिंडरात शिरतात आणि विरळ मिश्रणही एकदम धरते. मॅग्नेटोच्या जागी इलेक्ट्रॉनिक साधने आली आहेत. ती प्रत्येक ठोक्याला जोरकस आणि अचूक वेळेची ठिणगी देतात. दिल्लीत २०२० साली काही बसगाड्यांच्या सीएनजीत थोडा हायड्रोजन मिसळून पाहिला गेला. हायड्रोजनची ज्योत फार वेगाने पसरते, म्हणून तो सावकाश मिथेनला हात देतो. साधने बदलली, मूळ प्रश्न लेन्वारच्या वेळचाच आहे.

आता आमच्या शेजाऱ्याची गोष्ट पुरी करतो. आम्ही दोघे एका जाणत्या मिस्त्रीला घेऊन बसलो. नळीतून निघाले लोटाभर पाणी. प्लगची फट हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट होती, वायर उंदराने कुरतडलेली. टायमिंग पेट्रोलचेच राहिले होते. सारा खर्च एक प्लग आणि हातभर वायरीचा. दुपार कलायच्या आत इंजिनाने ठोका धरला आणि पाटात पाणी आले. पुस्तकी हिशेब असा, की पाच अश्वशक्तीचे इंजिन तासभर चालवायला दोन-अडीच घनमीटर गॅस लागतो. म्हणजे पन्नास-साठ किलो शेण, पाचसहा जनावरांचे एका दिवसाचे. त्यांच्या दावणीला आठ होती.

पाटाकडे बघत ते म्हणाले, "म्हंजे ग्यास बरा होता जी, सर. आपलीच काडी ओली होती."

वाचकहो, याहून नेमके मला सांगता आले नसते. तुमच्या गावात एखादे गॅसचे इंजिन धूळ खात पडले असेल, तर त्याला भंगारात घालण्याआधी एकदा त्याची ठिणगी तपासून पाहा.