फैजपूर अधिवेशन
फैजपूर अधिवेशन : भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे व ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन. तत्कालीन पूर्व खानदेश (विद्यमान जळगाव) जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील फैजपूर येथे ते २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी भरले. पं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष व शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते. अधिवेशननगरीस टिळकनगर असे नाव देण्यात आले. मोठ्या सभेचे संयोजन हे स्वतःच विचारविनिमयाचे साधन कसे ठरते, याचे हे अधिवेशन बोलके उदाहरण होय.

१८८५ च्या मुंबई अधिवेशनापासून काँग्रेसची अधिवेशने शहरांतच भरत. त्यामुळे शेतसारा, खंड, कर्ज या प्रश्नांवर चर्चा होई. पण ज्यांचे ते प्रश्न, तो शेतकरी बहुधा मंडपाबाहेरच राही. १९३४ मध्ये मुंबई येथे संमत झालेल्या घटनेने प्रतिनिधींची कमाल संख्या २,००० ठरविली व त्यांपैकी १,४८९ जागा ग्रामीण, तर ५११ नागरी भागास दिल्या. अधिवेशनच खेड्यात न्यावे, असा म. गांधींचा आग्रह होता. फैजपूरने तो प्रत्यक्षात आणला.

शहरात सभागृहे, निवासस्थाने व नळाचे पाणी आयते मिळते. खेड्यात यातील प्रत्येक गोष्ट नव्याने उभारावी लागते. हीच अडचण येथे उपकारक ठरली. निवारा, पाणी, भोजन व सफाई यांची व्यवस्था स्थानिक माणसांच्या श्रमांवाचून अशक्य असल्याने परिसरातील लोक केवळ प्रेक्षक न राहता संयोजक बनले. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे खानदेशातील कार्यकर्ते या कामी पुढे होते. साने गुरुजींनी प्रचाराबरोबरच सफाईचे कामही केले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व तत्सम ग्रामीण साहित्यातून नगरीची सजावट केली.

विचारांची देवाणघेवाण अनेक पातळ्यांवर झाली. खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्‌घाटन म. गांधींनी २५ डिसेंबर रोजी केले. प्रदर्शन हे करमणुकीचे नव्हे, तर शिक्षणाचे साधन असावे, अशी त्यांची भूमिका होती. ठरावांच्या मसुद्यांवर विषयनियामक समितीत तपशीलवार वाद होत व नंतर ते खुल्या अधिवेशनापुढे येत. याच सुमारास अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशन ना. गो. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथेच भरले. त्यासाठी सुमारे ५०० शेतकरी मनमाडहून वाटेतील गावांत प्रचार करीत पायी आले. त्यांच्या स्वागतास नेहरू, देव, मानवेंद्रनाथ रॉय, आचार्य नरेंद्र देव, श्री. अ. डांगे, मिनू मसानी, युसुफ मेहेरअली इत्यादी भिन्न विचारसरणींचे नेते उपस्थित होते.

अधिवेशनाने १९३५ चा भारत सरकारचा कायदा अमान्य करून संविधानसभेची मागणी केली आणि तेरा कलमी शेतीविषयक कार्यक्रम स्वीकारला. खंड व सारा यांत कपात, न परवडणाऱ्या धारणक्षेत्रांना सूट, कर्जनिवारण, वेठबिगारीचे उच्चाटन, सहकारी शेती व शेतकरी संघटनांना मान्यता ही त्यातील प्रमुख कलमे होत. जमीनदारी नष्ट करण्याचे कलम मात्र त्यात नव्हते. डाव्या गटांना ही उणीव जाणवली. एकत्र येण्याने मतभेद मिटतातच असे नाही. परंतु ते परस्परांसमोर मांडले जातात, हे येथे दिसून आले. मुंबई प्रांतात जुलै १९३७ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि १९३९ मध्ये कुळकायदा व शेतकरी कर्जनिवारण कायदा संमत झाले. फैजपूरच्या कार्यक्रमातील काही मागण्यांना त्यांत अंशतः वैधानिक रूप लाभले.

यानंतरची हरिपुरा (१९३८), त्रिपुरी (१९३९) व रामगढ (१९४०) ही अधिवेशनेही मोठ्या शहरांबाहेर भरली. सभेची जागा बदलली की सभेत कोण बोलतो व कोणाचे ऐकले जाते, हेही बदलते, हा फैजपूरचा धडा होय.