कोठाराला मांजराची वाट

जालना रस्त्यावर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडली की करमाड येतं. कारखाने दाराशी आले, तरी आजूबाजूच्या शेतवस्त्यांवर खरिपाचा माल घरी आला की पत्र्याची शेडं मक्याने, बाजरीने, ढेपेच्या पोत्यांनी भरतात. पीक निघालं की रानातला चारा-दाणा संपतो आणि उंदीरही शेडाकडे सरकतात. एक उंदीर दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा दाणे खातो. त्याच्या मुताने आणि लेंड्यांनी खराब होणारं धान्य वेगळंच.

म्हणून वस्तीवर मांजर असतंच. पण दिवस मावळला की आपण शेडाला कुलूप लावतो. उंदीर बाहेर पडतात ते नेमके तेव्हा, आणि मांजराची शिकारीची वेळही तीच, संध्याकाळची आणि पहाटेची. राखणदाराला दाराबाहेर ठेवून आपण चोरांना रात्रभर मोकळीक देतो. भिंतीला मांजरापुरतं एक भोक पाडलं तर हा प्रश्न सुटतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथेड्रलच्या एका जुन्या लाकडी दाराला 1598 च्या सुमारास पाडलेलं असं भोक आजही दिसतं.

मांजराचा असा विचार आपल्याकडेही झाला आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे देशभर पसरला. त्या काळात नागपूर-वऱ्हाडात काम केलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर अँड्र्यू बुकॅनन यांनी 1908 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजरांची बाजू मांडली. त्यांचं म्हणणं असं, की घरोघरी मांजर असेल तर उंदीर कमी होतात आणि प्लेगही कमी होतो. मांजरालाही प्लेग होतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे तो उपाय जसाच्या तसा घेता येणार नाही. पण माणसाच्या वस्तीतला उंदीर आणि मांजर यांचं नातं आरोग्याशी जोडून पाहणारा हा डॉक्टर आपल्या शेजारच्या भागात काम करत होता, याची आठवण ठेवायला हवी.

मांजर खरंच किती उंदीर मारतं? आपण समजतो त्यापेक्षा फार कमी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका कचरा प्रक्रिया केंद्रात शास्त्रज्ञांनी 79 दिवस कॅमेरे लावून मांजरांवर आणि मोठ्या उंदरांवर नजर ठेवली. 2018 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा मांजरांनी मारलेले उंदीर होते फक्त दोन. मात्र मांजरं आसपास असली की उंदीर बिळाबाहेर यायला कचरत होते. त्याच्या आदल्या वर्षी एस्वातिनी या आफ्रिकी देशातल्या 40 शेतकरी घरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसतं मांजर किंवा नुसता कुत्रा असलेल्या घरांत उंदरांच्या वावरात फरक दिसला नाही. दोघंही असलेल्या घरांत मात्र उंदरांचा वावर स्पष्टपणे घटला. आपल्या वस्त्यांवर ही जोडी बहुतेक ठिकाणी आधीपासूनच आहे.

म्हणजे मांजराचं खरं काम मारण्यापेक्षा धाक ठेवण्याचं आहे, आणि या धाकामागे रसायनशास्त्र आहे. उंदराच्या नाकातलं एक खास इंद्रिय मांजराच्या लाळेतलं एक प्रथिन ओळखतं. मांजर कधीच न पाहिलेले प्रयोगशाळेतले छोटे उंदीरही त्या प्रथिनाला घाबरतात, हे 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. हा वास ताजा राहायचा तर मांजराला शेडात हवं तेव्हा जाता-येता आलं पाहिजे. महिन्यातून एकदा उचलून आत सोडलेलं मांजर उपयोगाचं नाही.

भोक साधारण सहा इंच रुंद आणि तितकंच उंच पुरतं. मांजराच्या हासळीचं हाड इतर हाडांना जखडलेलं नसतं, त्यामुळे डोकं गेलं की अंगही जातं, आणि वाट पुरेल का हे त्याच्या मिशा अंधारातही सांगतात. महत्त्वाची आहे ती उंची. जमिनीलगत भोक ठेवलंत तर ते घुशीला आयतं दार होईल. जमिनीपासून चार फूट उंचावर ठेवा. मांजर तेवढी उडी सहज मारतं. घूस उकरण्यात पटाईत असली तरी चढण्यात कच्ची. काळा उंदीर मात्र खडबडीत भिंत चढून जातो, म्हणून वीट-सिमेंटची भिंत असेल तर भोकाखाली गुळगुळीत पत्रा ठोका आणि बाहेरून सरपण, पाइप, सायकल असं काहीही टेकवून ठेवू नका. पत्रा कापला असेल तर त्याच्या धारेवर ठिबकची जुनी नळी चिरून बसवा, नाहीतर मांजराचं पोट कापेल. आत उतरायला पोत्यांची थप्पी किंवा फळी असू द्या.

भोकाला सरकतं झाकण हवंच. धान्याला किडीसाठी फॉस्फाइडच्या गोळ्या लावायच्या दिवशी आधी मांजर बाहेर असल्याची खात्री करा, मगच शेड बंद करा. त्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो. ब्रोमॅडिओलोनसारखं उंदरांचं औषध तर मांजर असलेल्या शेडात ठेवूच नका. ते खाल्लेला उंदीर मरायला काही दिवस घेतो, मंदावतो, आणि असाच उंदीर मांजराच्या तावडीत आधी सापडतो. मग विष मांजराच्या पोटात जातं.

मांजर उपाशी ठेवलं की जास्त उंदीर धरतं, हा समज सोडून द्यायला हवा. शिकारीची ऊर्मी भुकेवरच अवलंबून नसते. जेवता जेवता ताट सोडून उंदरावर झडप घालणारी मांजरं प्रयोगात दिसली आहेत. उलट उपाशी मांजर वस्ती सोडून भटकतं. त्याला रोज खाऊ घाला, शेडाजवळ पाणी ठेवा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून रेबीजची लस टोचून घ्या आणि नसबंदीचंही विचारा. यंदाचा मका शेडात यायच्या आधी हे भोक पाडून घ्या.