रीलमधली दुर्बीण आणि रावेरचं रानडुक्कर: पीक वाचवायला रायफल स्कोप घ्यावा का?

मोबाईलवर असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. अमेरिकेतलं मोकळं माळरान, बायपॉडवर टेकवलेली रायफल, तिच्यावर जाडजूड दुर्बीण. फुलीच्या मधोमध एक कायोटी येतो, आवाज होतो आणि तो खाली कोसळतो. खाली शीर्षक असतं, 'बजेटमधला बेस्ट व्हार्मिंट स्कोप'. थोडं स्क्रोल केलं की शॉपिंग ॲपवर तसाच दिसणारा स्कोप अडीच-तीन हजारांत दिसतो.

आता हाच व्हिडिओ रावेर, यावल, चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातला शेतकरी पाहतो तेव्हा त्याच्या डोक्यात वेगळं गणित सुरू होतं. रानडुकरांच्या कळपाने रात्रीत मक्याचे ताटवे आडवे केलेले असतात. नव्या लागवडीतली केळीची रोपं उकरून टाकलेली असतात. हरभऱ्यात रोही शिरून गेलेले असतात. मग प्रश्न पडतोच, आपणही एक स्कोप घेतला तर?

या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. एक तांत्रिक आणि एक कायद्याचं. दोन्ही समजून घेतली तर पैसे वाचतील आणि कदाचित जेलवारीही.

'व्हार्मिंट' म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीतल्या 'व्हर्मिन' या शब्दाचं हे अमेरिकन बोलीतलं रूप. अर्थ सरळ आहे, उपद्रवी प्राणी. तिकडे कायोटी, प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग असे प्राणी या नावाखाली येतात. बऱ्याच राज्यांत ते मारायला मोसमाचं बंधन नाही, असलंच तर थोडं.

खानदेशालाही बक्षीस आणि बंदुकीचा हा काळ नवा नाही. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल कोअर उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं. हाच औट्रम वाघांच्या शिकारीसाठीही ओळखला जायचा. त्या काळात वाघ मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं, म्हणजे वाघसुद्धा सरकारदरबारी 'उपद्रवी' होता.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि चित्र उलटलं. त्यातही उंदीर, घुशी, कावळे, वटवाघळं यांची एक 'उपद्रवी' यादी होती. पण २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता रानडुक्कर आणि रोही अनुसूची २ मध्ये आहेत. कायोटीचा आपल्याकडचा जवळचा भाऊबंद म्हणजे कोल्हा. तो तर थेट अनुसूची १ मध्ये, वाघ-बिबट्याच्या रांगेत जाऊन बसला आहे.

म्हणजे रीलमध्ये जो प्राणी 'व्हार्मिंट' आहे, त्याच्यासारखाच प्राणी इथे मारला तर तो गंभीर गुन्हा आहे.

स्कोपवरचे आकडे काय सांगतात?

आधी तांत्रिक बाजू. स्वस्त स्कोपवर बहुतेक वेळा ३-९×४० असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ, समोरचं दृश्य ३ पट ते ९ पट मोठं दिसेल आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे.

आता एक सोपा भागाकार करा. भिंगाचा व्यास भागिले मोठं दिसण्याची पट. ४० ला ९ ने भागलं तर साधारण ४.४ मिलिमीटर येतात. डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे ९ पटीवर ठेवलेल्या स्कोपमधून रात्री डोळ्याला हवा तेवढा प्रकाश मिळतच नाही. ३ पटीवर हाच आकडा १३ च्या पुढे जातो आणि दृश्य उजळ दिसतं. जास्त झूम म्हणजे चांगला स्कोप, हा समज इथेच गळून पडतो. कमी पैशात ४×३२ सारखा एकाच पटीचा साधा स्कोप बऱ्याचदा जास्त टिकाऊ आणि स्पष्ट निघतो.

दुसरी गोष्ट म्हणजे क्लिक. स्कोपची घुंडी एक क्लिक फिरवली की नेम किती सरकतो, हे त्यावर लिहिलेलं असतं. पाव मिनिट, म्हणजे १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर. महागड्या स्कोपमध्ये दहा क्लिक पुढे आणि दहा मागे केले की नेम मूळ जागी येतो. स्वस्तात तो येईलच असं नाही. विकत घेण्याआधी हीच चाचणी सगळ्यात उपयोगाची.

तिसरी गोष्ट पॅरलॅक्स. डोळा जरा हलला की फुलीही लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. रायफलचे बरेच स्कोप साधारण १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. एअरगन वापरली जाते १० ते ३० मीटरवर. तिथे ही चूक वाढते.

आणि चौथी, जी जाहिरातीत कोणीच सांगत नाही. स्प्रिंगच्या एअरगनचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्ही बाजूंनी बसतो. साध्या रायफलसाठी बनवलेला स्वस्त स्कोप या उलट्या झटक्याने काही दिवसांत सैल होऊ शकतो. एअरगनला लावायचा असेल तर 'स्प्रिंग एअरगनसाठी योग्य' असं स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्यावा. आपल्या बंदुकीवरची खाच ११ मिलिमीटरची आहे की रुंद पिकाटिनी पट्टी, हेही आधी तपासावं. नाहीतर माउंट बसतच नाही.

पण बंदूक कोणती?

खरी अडचण इथे आहे.

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी परवान्याची तरतूद आहे. पण ती कशासाठी? ठासणीच्या बंदुकीसाठी. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी, म्हणजे आपल्या भाषेत बारा बोअरसाठी. पॉइंट २२ रायफलचा उल्लेख त्याच कलमात आहे, पण रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी.

गुळगुळीत नळीतून छर्ऱ्यांचा झोत बाहेर पडतो आणि तो थोड्या अंतरावरच कामाचा असतो. तिला ९ पटीचा स्कोप लावणं म्हणजे बैलगाडीला स्पीडोमीटर लावण्यासारखं. थोडक्यात, पीक राखणीसाठी जी बंदूक मिळू शकते, तिला रीलमधला स्कोप काही उपयोगाचा नाही.

मग एअरगन? पॉइंट १७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती सहज मिळते. पण २० ज्यूल म्हणजे किती? पॉइंट २२ ची साधी गोळीसुद्धा १४० ज्यूलच्या आसपास किंवा त्याहून जास्त ऊर्जेने सुटते. पूर्ण वाढलेल्या रानडुकराची कातडी आणि खांद्यावरची चरबी पाहता छर्रा फक्त जखम करतो. जखमी डुक्कर उसात किंवा केळीच्या बागेत दडी मारून बसतं आणि सकाळी पाणी द्यायला आलेल्या माणसावर धावून येतं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. एअरगनला परवाना लागत नाही, म्हणजे तिने शिकार करायला परवानगी आहे असं नाही. कायद्यात 'शिकार' या शब्दात मारण्याचा प्रयत्नही येतो. नेम चुकला तरी गुन्हा होतोच. साधारण तरतुदीनुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अनुसूची १ मधला प्राणी असेल किंवा जागा अभयारण्यातली असेल, तर शिक्षा आणखी कडक.

जळगाव-धुळ्यात हा मुद्दा कागदावरचा नाही. यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य आणि मुक्ताईनगरचं मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र, हे सगळं शेताला लागून आहे. डोलारखेडा परिसरात तर केळीच्या पट्ट्यात वाघाचा वावर आहे. रात्री बॅटरीच्या उजेडात चमकणारे दोन डोळे कोणाचे आहेत, हे स्वस्त स्कोप सांगत नाही.

आणि माणसांचं काय? शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत येते. मोटार चालू करायला, बारं धरायला, जागलीला माणसं शेतातच असतात. पॉइंट २२ ची गोळी दीड किलोमीटरहून पुढे जाऊ शकते. दोन शेतं पलीकडे कोणी बाजेवर झोपलं असेल, तर ते स्कोपमध्ये दिसणार नाही.

मग कायदा शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडतो का?

नाही. कायद्यात दोन दारं आहेत.

पहिलं, कलम ११. अनुसूची २ मधला प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीकही येतं, असं कलमातच लिहिलं आहे. यासाठी आपल्या भागातल्या वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज करावा लागतो. परवानगी मिळाली तरी परवानाधारक बंदूक आणि ती चालवणारा परवानाधारक माणूस लागतो. मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता असतो, त्याचं मांस वाटून घेता येत नाही.

दुसरं, कलम ६२. यात केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी एखादा प्राणी उपद्रवी घोषित करतं. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर, तर २०१६ मध्ये उत्तराखंडच्या काही भागांत रानडुक्कर आणि हिमाचलमध्ये माकडं अशी घोषित झाली. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज बोलावून काही दिवसांत २०० हून अधिक रोही मारले गेले. त्यावरून मेनका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर हे एकाच सरकारमधले दोन मंत्री जाहीरपणे भिडले. केरळने २०२२ मध्ये तिसरा मार्ग काढला. कलम ११ चे अधिकार वापरून पंचायतीच्या प्रमुखांना रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार दिला.

आणि अंगावर धावून आलेल्या प्राण्याला जीव वाचवण्यासाठी, चांगल्या हेतूने मारलं तर तो गुन्हा ठरत नाही. पण हे स्वसंरक्षण आहे, दबा धरून केलेली शिकार नाही.

तीन हजार रुपये कुठे लावाल?

सगळ्यात आधी मोबाईलचा कॅमेरा वापरा, तो फुकट आहे. नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा. पायाचे ठसे, उकरलेली जमीन, शेताची ओळख पटेल अशी खूण, सगळं त्यात यावं. वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रानडुक्कर, रोही, हरीण यांनी केलेल्या नुकसानीला वन विभागाकडून भरपाई मिळते, पण पंचनामा झाला तरच. शेत नांगरून टाकल्यावर पंचनामा कशाचा करणार? माहितीसाठी वन विभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक आहे, १९२६.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही बदल झाला आहे. वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान खरीप २०२६ पासून विम्याच्या कक्षेत घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यासाठी ७२ तासांत ॲपवरून, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो पाठवावे लागतील. कोणते प्राणी आणि कोणते भाग, हे राज्य ठरवेल. विमा भरताना याची चौकशी नक्की करा.

त्यानंतर कुंपण. सौर कुंपणात विजेचा क्षणभराचा ठोका बसतो, प्राणी दचकून मागे फिरतो पण मरत नाही. अभयारण्याजवळच्या गावांना त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. रानडुकरासाठी खालची तार जमिनीच्या अगदी जवळ हवी, कारण ते खालून घुसतं. रोही उडी मारतो, त्याच्यासाठी उंची हवी. तारेखाली गवत वाढलं की करंट जमिनीत उतरतो, म्हणून सफाई हवीच. मेन लाईनवरून थेट तार सोडणं मात्र खून करण्याइतकं घातक आहे. त्यात डुकरापेक्षा आधी शेजारी, गडी किंवा स्वतःचा बैल सापडू शकतो.

राखणीला जाणाऱ्यांनी काही भिंगाचंच घ्यायचं ठरवलं असेल, तर ८×४२ ची दुर्बीण घ्या. तोच भागाकार करा, ५.२५ मिलिमीटर येतात. संधिप्रकाशात ती ९ पटीच्या स्कोपपेक्षा उजळ दिसते, दोन्ही डोळ्यांनी पाहता येतं आणि कळप कुठून शिरतोय ते आधीच कळतं. मुख्य म्हणजे समोर काय आहे हे पाहण्यासाठी कोणावर बंदूक रोखावी लागत नाही.

आणि ज्यांना नेमबाजीचीच आवड आहे त्यांनी?

त्यांच्यासाठी रायफल क्लब आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. त्या प्रकारात दुर्बिणीच्या स्कोपला परवानगीच नसते. बारीक छिद्राच्या साइटमधून, उघड्या भिंगाशिवाय नेम धरायचा असतो.

म्हणजे नेमबाजी शिकायला स्कोप लागत नाही आणि पीक राखायला तो पुरत नाही. पुढच्या वेळी ती रील समोर आली तर बघा जरूर, पण 'बाय नाऊ' दाबण्याआधी गावच्या वनरक्षकाचा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह आहे का, ते तपासा. ज्याच्या शेतात आज रात्री कळप शिरणार आहे, त्याला तो नंबर जास्त कामाला येईल.