न संपणारा खेळ

खेळ म्हटलं की आपल्याला हारजीत आठवते. सागरगोटे असोत की संगीतखुर्ची, कुणीतरी जिंकतं आणि खेळ संपतो. पण ज्याला शेवटच नाही, असाही खेळ असतो. वैजापुरात बचत गटाच्या बैठकीत ‘पोरगं गेममध्ये अडकलंय’ ही तक्रार मी नेहमी ऐकते. हे आहे तरी काय, म्हणून एकदा मुलाशेजारी खुर्ची ओढून बसले. आता दोन वर्षं झाली, दुपारची भांडी आवरली की तासभर मीच अवकाशात असते!

या खेळांची सुरुवात १९८४ची. इंग्लंडमधल्या केंब्रिजला शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन तरुणांनी ‘एलिट’ हा खेळ बनवला. तेव्हाच्या बहुतेक खेळांत तीन ‘जीव’ मिळायचे, ते संपले की खेळ खलास. यांनी मात्र आठ आकाशगंगा दिल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. व्यापार करा, लढा, नुसतं भटका, तुमची मर्जी. २०१६मध्ये आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’मध्ये तर १८वर १८ शून्यं, इतके ग्रह आहेत. ते कुणी एकेक करून काढलेले नाहीत. आपण जवळ जाऊ तसतसे गणिती सूत्रांवरून कॉम्प्युटर तयार करतो.

माझा आवडता खेळ मेक्सिकोत तयार झालेला, ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. तो २०११मध्ये लोकांसमोर आला. हिरव्या, बुटक्या प्राण्यांसाठी आपण रॉकेट जुळवायचं आणि उडवायचं. माझी पहिली कितीतरी रॉकेटं धडाधड कोसळली. पण इथे रागावणारं कुणी नाही. टाकी कमी करा, पंख लावा, पुन्हा उडवा.

मी आर्ट्सची पदवीधर. तरी गुरुत्वाकर्षण मला इथे उमगलं. एकाच कक्षेत पुढे असलेलं यान गाठायचं तर वेग वाढवून चालत नाही. वेग कमी करायचा, म्हणजे आपण खालच्या, लहान कक्षेत येतो आणि फेरी लवकर पूर्ण होते. चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ला निघालं आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं. १९६९मध्ये अपोलो-११ चार दिवसांत पोचलं होतं, मग आपल्याला चाळीस दिवस का? आपलं रॉकेट लहान. म्हणून पृथ्वीभोवती फिरत, कक्षा थोडी थोडी मोठी करत जायचं. माझ्या छोट्या यानानेही तेच केलं, तेव्हा ते डोक्यात पक्कं बसलं.

बैठकीत हे सांगितलं तर एका आजींनी विचारलं, ‘‘अगं, पण मग जिंकतं कोण?’’ खरंच, कुणीच नाही. म्हणूनच त्याचा कंटाळा येत नाही. आज काय करायचं हे आपणच ठरवतो; ते जमलं की पुढचं सुचतं. आपल्या घरकामालाही शेवट नसतो. पण तिथे काय करायचं हे दुसऱ्यांच्या भुकेवर आणि वेळापत्रकावर ठरतं. बाईच्या फुरसतीलाही पापड, लोकर, शिवण असा काहीतरी ‘उपयोग’ लागतोच. निव्वळ स्वतःला हवं म्हणून ठरवलेलं एखादं काम आपल्याकडे असतं का?

अर्थात, खेळाला शेवट नसला तरी वेळेला हवा. मी गजर लावते. आणि सगळे गेम एका मापाने मोजू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये बंदीचा कायदा केला, ते वेगळे आणि हे वेगळे. मुलगा काय खेळतो, हे आधी त्याच्या शेजारी बसून बघा.

सुरुवात करायची तर ‘स्टेलॅरियम’ घ्या. तो खेळ नव्हे, कॉम्प्युटरवरचं फुकट तारांगण आहे. आपलं गाव निवडा आणि आज रात्री अंगणातून कोणते ग्रह दिसतील ते बघा. मग पुढे कुठे जायचं, ते तुम्हीच ठरवा.