तिरक्या खाचेतलं भिंग

मुंबईत सीएसएमटी स्थानकाजवळच्या बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथं हाताने फोकस करायची जुनी झूम लेन्स मागितली, की काउंटरवर तीन-चार जड नळकांडी येतात. गिऱ्हाईक त्यातलं एक उचलतं, उजेडाकडे धरतं आणि काच पाहतं. मीही कित्येक वर्षं हेच केलं. काच पाहायचीच, पण नंतर. आधी लेन्स कानाशी धरून हळूच हलवावी. मग झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा आणि मध्ये कुठं अडतोय का, कुठं एकदम सैल पडतोय का, ते बोटांनी ऐकावं. शेवटी लेन्सचं तोंड जमिनीकडे करावं. पुढं-मागं ओढायची नळी स्वतःच्या वजनानं घसरली तर एवढ्यावरून फोटो बिघडेलच असं नाही; पण ही लेन्स बरंच आयुष्य जगून आली आहे, हे कळतं.

हा खटाटोप एवढ्यासाठी, की झूम ही आधी यंत्र असते आणि मग भिंग. एकाच नाभीय अंतराच्या साध्या लेन्समध्ये फोकस करताना बहुधा सगळी भिंगं एकत्र सरकतात. झूममध्ये निदान दोन गट वेगवेगळ्या चालीनं सरकावे लागतात. एक गट प्रतिमा लहान-मोठी करतो. पण तसं करताना प्रतिमा फिल्मच्या पातळीवरून हलते. तिला जागेवर आणायचं काम दुसऱ्या गटाचं. त्याची चाल सरळ नसते. कधी तो थोडा पुढं जातो आणि पुन्हा मागं येतो. ही वाकडी चाल नळीत कोरलेल्या तिरक्या, वक्र खाचेतून मिळते. खाचेत एक छोटी खुंटी फिरते आणि तिच्या मागोमाग भिंगांचा गट. चाळीस-पन्नास वर्षांत खाच झिजली, वंगण सुकलं किंवा खुंटी सैल झाली, तर काच नितळ असूनही लेन्स कामातून जाते.

स्थिर कॅमेऱ्याच्या पहिल्या झूममध्ये ही खाच टाळायचाच प्रयत्न झाला होता. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पुढं अमेरिकेत गेलेल्या फ्रँक बॅक यांची 'झूमार' १९५९ मध्ये फोक्टलेंडर कंपनीच्या नावानं बाजारात आली. ३५ मिमी स्थिर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी तयार झालेली ही पहिली झूम: ३६ ते ८२ मिमी, एफ २.८, १४ भिंगं. तिच्यातले हलणारे गट एकमेकांना बांधलेले होते आणि ते एकाच दांडीवर असल्यासारखे एकत्र सरकत. यंत्र सोपं झालं, पण त्याचा भार भिंगांवर पडला.

चार वर्षांनी, १९६३ मध्ये, निकॉनची ४३-८६ आली. आटोपशीर, परवडणारी, आणि म्हणून प्रचंड खपलेली. ४३ हा आकडाही गमतीचा आहे: ३५ मिमी फिल्मच्या चौकटीचा कर्ण ४३.३ मिमी भरतो. हिची बदनामीही तेवढीच. रुंद टोकाला सरळ रेषा पोट सुटल्यासारख्या बाहेर येतात, लांब टोकाला त्याच आत खचतात. निकॉनच्या सगळ्यात वाईट लेन्समध्ये तिचं नाव हमखास घेतलं जातं. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. वाड्याची कमान किंवा खिडक्यांच्या रांगा टिपायच्या असतील तर ती नकोच. पण माणसांच्या चेहऱ्यात सरळ रेषा असतात कुठं? शिवाय १९७६ मध्ये तिची रचना बदलली आणि भिंगं ९ ची ११ झाली. घ्यायचीच तर ही दुसरी घ्यावी.

आता काचेकडे. हवा आणि काच जिथं भेटतात, त्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. साध्या लेन्समध्ये हे खपून जातं, झूममध्ये हिशेब अंगावर येतो. निकॉनच्या १९७७ च्या ८०-२०० एफ ४.५ मध्ये ९ गटांत १२ भिंगं आहेत, म्हणजे हवा-काचेचे १८ पृष्ठभाग. त्यांच्यावर परावर्तन कमी करणारा लेप नसता, तर आत आलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४८ टक्के फिल्मपर्यंत पोचला असता. एकपदरी लेपानं परावर्तन दीड टक्क्याच्या आसपास येतं आणि पोचणारा प्रकाश ७६ टक्के होतो. अनेकपदरी लेपानं ते अर्ध्या टक्क्यावर आलं, तर ९१ टक्के. गमावलेला प्रकाश नुसता नाहीसा झाला असता तरी चाललं असतं. तो आतल्या आत आपटत राहतो आणि फोटोवर दुधाळ पडदा धरतो. बिनलेपाच्या काळात झूम हे बहुतांशी स्वप्नच का राहिलं, हे या तीन आकड्यांत दिसतं. दुकानात तपासायचं तर लेन्सच्या तोंडात ट्यूबलाइटची प्रतिबिंबं पाहावीत. ती हिरवी, जांभळी, पिवळसर आणि मंद असतील, तर लेप बहुधा अनेकपदरी आहे. सगळी पांढरट आणि लख्ख दिसली तर उन्हाकडे तोंड करून फोटो काढायचा विचार सोडावा.

नावावर जायचं नाही, याचं उत्तम उदाहरण म्हणजे विविटारची 'सिरीज १' ७०-२१०. ही अमेरिकी कंपनी लेन्स जपानी कारखान्यांकडून बनवून घेई आणि एकाच नावाखाली वेगवेगळ्या घरच्या लेन्स विके. ओळख क्रमांकात लपलेली असते. २२ ने सुरू होणारी किनोची, ३७ ची टोकिनाची, २८ ची कोमिनेची. पहिल्या दोन सगळीकडे एफ ३.५ आणि पहिलीचा फिल्टर ६७ मिमीचा. तिसरी एफ २.८ ते ४. जाणकारांचा कल बहुधा २८ कडे असतो. नाव तेच, आतली भिंगं मात्र तीन वेगळ्या घरांची.

हल्ली या लेन्स फिल्मपेक्षा मिररलेस कॅमेऱ्यावरच जास्त लागतात आणि खरी गफलत तिथंच होते. निकॉनच्या जुन्या लेन्स कॅमेऱ्याला जिथं बसतात, तो माउंट फिल्मपासून ४६.५ मिमी दूर असे. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिमी आहे. उरलेले २८.५ मिमी अडॅप्टरनं भरायचे. स्वस्त अडॅप्टर अनेकदा मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, म्हणजे निदान अनंतापर्यंत फोकस पोचतो. साध्या लेन्सला त्यानं फारसं बिघडत नाही. फोकसची कडी थोडी कमी फिरवली की झालं. झूमचं तसं नाही. समजा ७०-२१० झूमचा अडॅप्टर ०.१ मिमी पातळ आहे. २१० मिमीवर आपण फोकसची कडी फिरवून ही चूक भरून काढली. पण कडीच्या तेवढ्याच फेऱ्यानं प्रतिमा किती सरकते, हे नाभीय अंतराच्या वर्गावर ठरतं. ७० हे २१० च्या एक तृतीयांश, म्हणून तिथं दुरुस्ती फक्त नवव्या हिश्शाची होते. जवळजवळ ०.०९ मिमीची चूक तशीच राहते. एफ ३.५ वर तिच्यामुळं एका बिंदूचा सुमारे ०.०२५ मिमीचा डाग होतो. फिल्मच्या जमान्यात ०.०३ मिमीपर्यंतचा डाग चालवून घेत. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर मात्र तो चार पिक्सेल व्यापतो आणि स्क्रीनवर मोठा करून पाहिला की डोळ्यात खुपतो.

लांब टोकाला फोकस करून मग झूम मागं घ्यायचा, ही जुन्या छायाचित्रकारांची रीत अशा अडॅप्टरवर दगा देते, आणि दोष लेन्सच्या माथी मारला जातो. खात्री करायला त्याच माउंटची एक साधी लेन्स सोबत न्यावी. तिचाही अनंताचा फोकस खुणेआधीच लागत असेल, तर गुन्हेगार अडॅप्टर. तिचा बरोबर लागला आणि झूमचा हलला, तर खाच झिजली आहे किंवा ती झूम मुळातच प्रत्येक अंतरावर नव्यानं फोकस करायच्या जातीची आहे.

राहिली बुरशी. कोकणपट्टीत आणि मुंबईत हा प्रश्न इतर सगळ्यांवर मात करतो. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की धूळ आणि वंगणाच्या अंशावर बुरशी वाढते, तिचं आम्ल लेप आणि पुढं काचही खातं. चामड्याच्या सुंदर डब्यात जपलेली लेन्स तर जास्तच धोक्यात, कारण चामडं ओल धरून ठेवतं. मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारला की धागे दिसतात. पुढच्या भिंगावर असतील तर निघतात. दोन भिंगं चिकटवून केलेल्या जोडीच्या मध्ये शिरले असतील, तर लेन्स सोडून द्यावी. झूम उघडून साफ करणंही सोपं नसतं. गट परत बसवताना केसभर तिरका झाला, की चौकटीची एक बाजू धूसर येते.

मग घ्यायची कुठली? भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी २१० मिमी तोकडीच पडते, तेव्हा पक्ष्यांच्या नादाला लागू नये. माझं मत छोट्या पल्ल्याच्या बाजूनं आहे. ३५-७० मध्ये गटांना कमी धावावं लागतं, म्हणून भिंगांना तडजोडीही कमी कराव्या लागतात. मिनोल्टाची एमडी ३५-७० एफ ३.५ माझ्याकडे आहे. लायकाची त्याच पल्ल्याची झूम याच रचनेवर बेतलेली होती. तिची किंमत विचारल्यापासून मला मिनोल्टा जास्त आवडते.

तरी मोह सुटत नाही. गेल्या पावसाळ्यात काउंटरवर २८ ने सुरू होणारी सिरीज १ आली. वाजत नव्हती, घसरत नव्हती, प्रतिबिंबं हिरवी-जांभळी. दुकानदार बिलाची वही काढत होते. मी टॉर्च लावला. मागच्या जोडभिंगात, कडेपासून आत येणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे चार बारीक धागे होते. त्यांनीही वाकून पाहिलं, "पावसाळा, साहेब," म्हणाले, आणि लेन्स परत काचेच्या कपाटात ठेवली.