जुन्या ग्रंथांच्या जतनासाठी स्वस्त घरगुती यंत्र

महाराष्ट्रातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत पुन्हा कधीही न छापली गेलेली पुस्तके आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाचा लगदा व तुरटी वापरून जो कागद तयार होऊ लागला, त्यात आम्लाचा अंश राहतो. कालांतराने असा कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि पान उलटताच त्याचा तुकडा हातात येतो. शेवटची प्रत गेली म्हणजे तो ग्रंथच नाहीसा झाला.

पानांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठविणे हा यावरील एक उपाय होय. परंतु त्यासाठीची मोठी यंत्रे लहान ग्रंथालयांच्या आवाक्याबाहेरची असतात. कार्यालयातील सपाट काचेचा स्कॅनर स्वस्त खरा. पण त्यावर पुस्तक पालथे घालून दाबावे लागते. त्यामुळे बांधणी उसवते व शिवणीजवळची अक्षरे वाकडी उमटतात.

तीन दिवसांत तयार झालेले यंत्र

अमेरिकेतील डॅनियल रीट्झ या विद्यार्थ्याने २००९ साली या अडचणीतून मार्ग काढला. दोन साधे कॅमेरे, दोन दिवे, पारदर्शक ॲक्रिलिकचे तुकडे आणि टाकाऊ लाकूड यांतून त्याने सुमारे ३०० डॉलर खर्चात, तीन दिवसांत एक यंत्र उभे केले. ४०० पानांचे पुस्तक त्यावर सुमारे २० मिनिटांत उतरत असे. यंत्राची कृती त्याने सर्वांसाठी खुली केली आणि ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी तशी यंत्रे बनविली.

रचना व कार्य

दोन फळ्या एकमेकींशी सुमारे १०० अंशांचा कोन करून बसविल्या की पुस्तकासाठी पाळणा तयार होतो. त्यात पुस्तक अर्धेच उघडावे लागत असल्याने बांधणीवर ताण येत नाही. त्याच कोनात जोडलेल्या दोन काचा वरून अलगद टेकवून पाने सपाट केली जातात. प्रत्येक पानासमोर एक कॅमेरा काटकोनात असतो. काचेवरील प्रकाशाची तिरीप कॅमेऱ्यात शिरणार नाही, अशा बेताने दिवे लावावे लागतात. काच उचलावी, पान उलटावे, काच टेकवावी आणि दोन्ही छायाचित्रे घ्यावीत, एवढाच क्रम.

वाचनीय प्रतिमेसाठी इंचामागे ३०० बिंदू पुरेसे मानतात. पाच इंच रुंद व आठ इंच उंच पानाला त्या हिशेबाने सुमारे ३६ लाख बिंदू लागतात. आजच्या सामान्य मोबाईल फोनचा कॅमेराही याहून अधिक बिंदू टिपतो. म्हणून एक स्थिर मांडणी, काच आणि फोन एवढ्यावरही आरंभ करता येईल.

पाने सरळ करणे, कडा कापणे यांसाठी ‘स्कॅन टेलर’, तर प्रतिमेतील अक्षरे ओळखण्यासाठी ‘टेसरॅक्ट’ या आज्ञावली विनामूल्य मिळतात. टेसरॅक्टला मराठीही वाचता येते. तथापि जुने खिळे, पुसट छपाई व जोडाक्षरे यांमुळे चुका होतात. त्या मुद्रितशोधकाच्या नजरेनेच दुरुस्त कराव्या लागतात. मूळ प्रतिमा मात्र कधीही पुसू नयेत आणि त्यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

कायद्याची मर्यादा

१९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या ग्रंथावरील हक्क अबाधित राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुली झाली. अनुवादित ग्रंथाच्या बाबतीत अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो, हेही ध्यानात ठेवावे. २०१२ च्या दुरुस्तीने नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांना, आपल्या संग्रही असलेल्या ग्रंथाची प्रत जतनासाठी संगणकीय स्वरूपात साठविण्याची मुभा दिली आहे. ही मुभा जतनापुरती आहे. अशा प्रतींचे सर्वत्र वाटप करण्यासाठी नव्हे.

शाळेतील हस्तकलेचे शिक्षक, गावातील सुतार आणि ग्रंथपाल एकत्र आले, तर असे यंत्र उभारणे कठीण नाही. आरंभी कपाटातील सर्वांत जीर्ण व दुर्मिळ अशा दहा पुस्तकांची यादी करावी. कागद कोणासाठी थांबत नाही. म्हणून हे काम जितके लवकर हाती घेतले जाईल, तितके गावाचे संचित अधिक सुरक्षित राहील.