भग्ननौकेवरील रात्रनिमज्जन
भग्ननौकेवरील रात्रनिमज्जन : बुडालेल्या जहाजाचे अवशेष व त्यांवर वसलेली सागरी जीवसृष्टी यांची सूर्यास्तानंतर पाण्याखाली उतरून, विजेरीच्या प्रकाशात केलेली पाहणी. यासाठी पाठीवरील टाकीतील संपीडित हवा पुरविणारे स्क्यूबा हे साधन वापरतात. श्वासाच्या गरजेनुसार हवा सोडणारी त्याची झडप झाक-ईव्ह कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केली.

याचे एक अभ्यसनीय उदाहरण म्हणजे इंडोनेशियातील बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन येथे असलेली ‘लिबर्टी’ ही भग्ननौका. १९१८ मध्ये अमेरिकेत बांधलेले, सु. १२५ मी. लांबीचे हे मालवाहू जहाज ११ जानेवारी १९४२ रोजी लाँबॉक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीच्या पाणतीराने निकामी झाले. सिंगाराजा बंदराकडे ओढून नेत असता त्यात पाणी भरू लागले, म्हणून ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढविण्यात आले. पुढे १९६३ मधील आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेले. किनाऱ्यालगतच्या उतरत्या काळ्या वाळूवर ते कुशीवर पडलेले असून सु. ५ ते ३० मी. खोलीपर्यंत पसरले आहे. त्यामुळे येथे होडी लागत नाही. गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येते. हवेच्या जड टाक्या गावातील स्त्रिया डोक्यावरून वाहून आणतात.

बुडालेल्या जहाजास ‘निर्जीव सांगाडा’ म्हणण्याची प्रथा आहे. ती येथे तरी लागू पडत नाही. वाळूच्या तळावर टणक आधार दुर्मिळ असतो. लोखंडी पत्र्यावर प्रथम जीवाणू व शैवले, नंतर स्पंज आणि प्रवाळ रुजतात व त्यांच्या आश्रयाने मासे येतात. दिवसा व रात्री या वस्तीचे रहिवासी मात्र निराळे असतात. अंधार पडताच ट्युबॅस्ट्रीया वंशातील नारिंगी प्रवाळ आपले स्पर्शक उघडून प्लवक टिपू लागतात. खेकडे, कोळंब्या व मोरे ईल बाहेर पडतात. हेक्साब्रँकस सँग्विनियस ही तांबडी, कवचहीन गोगलगाय क्वचित झालर हलवीत पोहताना दिसते. दिवसा निळे दिसणारे फ्यूझिलियर मासे लालसर होऊन फटींत विसावतात. पोपट माशांच्या काही जाती झोपताना स्वतःभोवती श्लेष्माचे आवरण विणतात; ते रक्तशोषक परजीवींपासून रक्षण करते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. म्हणून खोलवरच्या स्पंजांचा खरा तांबडा रंग भर दुपारी नव्हे, तर रात्री जवळून रोखलेल्या विजेरीतच दिसतो.

येथील सर्वांत लक्षणीय प्राणी म्हणजे कपाळावर टेंगूळ असलेला, सु. १.३ मी.पर्यंत वाढणारा पोपट मासा, बोल्बोमेटोपॉन म्युरिकेटम. त्याचा कळप रात्री सांगाड्याच्या आडोशाला झोपतो व पहाटे चरावयास निघतो. एक प्रौढ मासा वर्षाला सु. ५ टन प्रवाळयुक्त चुनखडी कुरतडतो व तिची वाळू करून टाकतो. उथळ पाण्यात कळपाने गाढ झोपण्याची ही सवयच त्याच्या मुळावर आली आहे. सॉलोमन बेटे, फिजी इ. प्रदेशांत पाण्याखालील विजेरी प्रचारात आल्यावर भाल्याने निजलेले कळपच्या कळप मारले गेले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत ही जाती ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेली आहे. निरीक्षकाच्या हाती तेच साधन असते, हे विसरता येत नाही. झोत डोळ्यांवर रोखल्यास मासा दचकून उठतो व अंधारात पत्र्यावर आदळतो. सिंह मासा तर पाणबुड्याच्या प्रकाशात बिनदिक्कत शिकार साधतो. म्हणून झोत मंद ठेवून बाजूने टाकावा. लाल प्रकाश बहुतेक माशांना कमी जाणवतो.

पाणबुड्याला असलेला धोका वेगळ्या प्रकारचा आहे. ३० मी. खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्याने हवाही चौपट वेगाने संपते. सांगाड्याच्या आत पंखाच्या एका फटक्याने गाळ उठतो, आणि वर–खाली ही जाणीव नाहीशी होते. उच्छ्वासाचे बुडबुडे कोणीकडे जातात, एवढीच खूण उरते. त्यामुळे रात्री आत शिरणे टाळावे. तेच स्थळ आधी दिवसा पाहिलेले असावे, सोबती असावा व प्रत्येकाजवळ दोन विजेऱ्या असाव्यात. विजेरी सावकाश वर्तुळाकार फिरविणे म्हणजे सर्व ठीक. ती आडवी झपाट्याने हलविणे म्हणजे मदतीची हाक.